मीठ पडलेल्या आमटीचा वास

लग्न होऊन मी डहाणूला आले तेव्हा माझ्या सासूबाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांच्या नाकाचा सगळ्या आळीत दरारा होता. आमचं घर चिकूच्या वाडीत. वाडीतून उतरवलेले चिकू माजघरात पेंढ्यात पिकत घातलेले असायचे, एकावर एक पेट्या रचून. सासूबाई दारातूनच म्हणायच्या, "डावीकडची मधली पेटी उघडा. तळाचा एक गेलाय." पेटी उघडली की तळाशी एक चिकू खरंच काळा पडून पाणी सुटलेला असायचा. शेजारणी नवं तूप कढवलं की वाटीत घालून त्यांच्या नाकापुढे धरत. त्या एकदाच वास घेऊन सांगत, "बेरी जरा जास्त जाळलीस," किंवा "जमलं." त्यापुढे अपील नसे.

माझं माहेर वाणगावचं, भाजीपाला पिकवणारं. आमच्याकडे स्वयंपाक म्हणजे शेतावरून येऊन पटकन उरकायचं काम. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन आले होते आणि वर्षभरातच तलासरीच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागले. भात किती शिट्ट्यांनी होतो एवढंच मला ठाऊक. पहिल्या महिन्यात मी वही-पेन घेऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं, "आई, आमटीला मीठ किती चमचे?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि फडताळावर ठेवून दिली.

"माप कशाला विचारतेस? नाक दिलंय ना देवानं? वास घे."

"मिठाला वास नसतो, आई," मी म्हटलं. विज्ञान शिकलेल्या माणसाला असं ठासून सांगायची सवयच असते.

"मिठाला नसेल. मीठ पडलेल्या आमटीला असतो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. सणाच्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही, हा त्यांचा नेम. पंधरा माणसांचा स्वयंपाक त्या एक थेंबही जिभेला न लावता करायच्या, आणि मीठ कधी कणभर इकडचं तिकडे झालेलं मला आठवत नाही. पण तो वास मला काही केल्या कळला नाही. मी गुपचूप चमच्याचं माप ठरवून घेतलं आणि त्यावर माझा संसार चालवला. सणावाराचा स्वयंपाक मात्र त्यांचाच राहिला. मी सकाळी तलासरीची एस.टी. धरायची, त्यांनी स्वयंपाकघर धरायचं, अशी आमची वाटणी होती, आणि दोघींनाही ती मानवली होती.

त्या पंचाहत्तरीच्या पुढे गेल्यावर, दोनेक वर्षांपूर्वी, आमटी खारट व्हायला लागली.

आधी एखाद्या दिवशी. मग आठवड्यातून दोनदा. मग रोजच. सुकटीची चटणी तर एकदा अशी झाली, की माझ्या नवऱ्याने पहिला घास घेतला आणि नुसता समोरच्या भिंतीकडे बघत बसला. तांब्याभर पाणी प्यायला आणि वर म्हणाला, "छान झालीये."

आई वाडीत कपडे वाळत घालायला गेल्या तेव्हा मी त्याला म्हटलं, "सांगत का नाहीस?"

"मी? मी काय सांगणार?" तो म्हणाला. "या घरात आईच्या जेवणाला नाव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. बाबांचीही कधी छाती झाली नाही."

"तुला ब्लडप्रेशर आहे."

"मग तू सांग."

"मी सून आहे. सुनेनं सासूला सांगायचं, की तुमची आमटी खारट झाली? अठ्ठावीस वर्षांनी?"

असं आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो. शेवटी मी आपली युक्ती काढली. आमटी उकळत असताना आई फुलं काढायला गेल्या, की मी त्यात सोललेला बटाटा टाकायची. भाजीत नारळाचं दूध घालायची. फारच झालं तर आमटीच वाढवायची, पाणी आणि थोडी शिजलेली डाळ घालून. संध्याकाळी मी वाढायला लागले की आमटीत पहाटेचे तीन-चार बटाटे डुलत असायचे. आई ताटाकडे बघायच्या, बटाटा बाजूला सारायच्या आणि निमूट जेवायच्या. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाहीये.

आणखी काही गोष्टी होत होत्या, पण त्यांची मोळी मी बांधली नव्हती. शेजारी अंगणात बोंबील वाळत घातले की पूर्वी आई खिडकी लावून घ्यायच्या. आता उघड्या खिडकीत बसून निवांत तांदूळ निवडायच्या. दूध करपलं तरी गॅसपाशीच उभ्या असायच्या. मी म्हणायची, वय झालं, लक्ष राहत नाही. मुलांना वर्गात पुराव्यावरून निष्कर्ष काढायला शिकवणारी मी. घरी सगळे पुरावे ताटात वाढलेले होते, आणि मी त्यात बटाटे घालत होते.

एप्रिल महिन्यात परीक्षा चालू होत्या. त्या दिवशी माझं पर्यवेक्षण सकाळीच संपलं आणि मी नेहमीपेक्षा लवकर, दुपारी अडीचच्या सुमारास घरी आले. ऊन रणरणत होतं. झळा नकोत म्हणून आईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले. घरभर गॅसचा वास कोंडला होता. इतका, की घशाला लागला.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून वाल सोलत होत्या. शांत. सोललेल्या डाळिंब्यांचा ढीग ताटात, सालं सुपात. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस लवकर? बस. चहा टाकते," असं म्हणत त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि त्यांनी ओट्यावरचा लायटर उचलला.

"आई, हात लावू नका!"

त्यांच्यावर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तो आवाज माझा आहे हे मलाही कळलं नाही. त्यांच्या हातातून लायटर अक्षरशः हिसकावला, दंडाला धरून त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं, आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या एकेक करून सताड उघडल्या. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. शेगडीवर दूध उतू जाऊन वाळलेलं होतं. दुधाने ज्योत विझली होती, आणि विझलेली ज्योत बघून आईंना वाटलं होतं, आपण गॅस बंद केला. गॅस तेव्हापासून सुटत होता.

मी मागच्या दारी आले. आई मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी ओढताना दंडावर माझी बोटं उमटली होती, तिथे त्या हात चोळत होत्या.

"काय झालं गं? कशाला एवढी ओरडलीस?"

"आई, गॅस सुटलाय. घरभर वास भरलाय. तुम्हाला आला नाही?"

दंड चोळणारा त्यांचा हात थांबला. समोर चिकूच्या झाडाखाली वाळलेली पानं पडली होती, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आला नाही," त्या म्हणाल्या. "मला कसलाच वास येत नाही."

"कधीपासून?"

"त्या साथीत ताप आला होता ना मला, तेव्हा थोडा गेला. परत येईल म्हणून थांबले. पण उरला होता तोही हळूहळू जायला लागला. एके दिवशी फोडणी दिली आणि मला वाटलं, हिंग संपलं. डबी उघडून पाहिली तर भरलेली. मग चांगलं दोन चिमट्या घातलं. तरी काही नाही. तेव्हा समजले."

"मग सांगितलं का नाहीत आम्हाला?"

"काय सांगू?" त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "सुनेला सांगू, की बाई, आता मला स्वयंपाक येत नाही? या घरात मला दुसरं येतं काय? तू शाळेत जातेस, तो वाडी बघतो. माझ्याकडे एवढंच होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्याच पुढे म्हणाल्या, "मीठ तेवढं लागतं जिभेला. बाकी सगळं भुश्यासारखं. वांगं काय आणि भोपळा काय. मीठ घातलं की वाटतं, काहीतरी खातेय. जास्त पडत असेल. पडतं ना?"

"थोडं," मी म्हटलं.

"थोडं? मग तू आमटीत बटाटे कशाला घालतेस?"

मी उठायला गेले, तर त्यांनी हाताला धरून बसवलं.

"नाक गेलंय, डोळे नाही गेले माझे. डाळीच्या आमटीत बटाटा कुणी घालतं का? मी म्हटलं, पोरगी माझी लाज राखतेय, राखू दे. मीही काही बोलले नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकाच वेळी झालं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि खरं म्हणजे त्यांना धीर मी द्यायला हवा होता. संध्याकाळी नवरा वाडीतून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, चटणी फार खारट झाली होती गं, त्या दिवशी." तीन महिन्यांपूर्वीची चटणी. आई म्हणाल्या, "मेल्या, मग दोनदा कशाला घेतलीस?"

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही त्यांना डहाणू रोडला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगून एकेक डबी नाकापाशी धरली. पहिल्या डबीला आई म्हणाल्या, "कॉफी." मी आनंदाने खुर्चीतून उठलेच. तर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "झाकण काढताना खुळखुळलं ना. बिया आहेत. कॉफीच्याच असणार, दुसरं काय ठेवाल तुम्ही?" डॉक्टरबाई हसल्या आणि पुढच्या डब्या कापूस घालून आणल्या. मग आईंना एकही ओळखता आली नाही.

डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं मोजकंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, त्यातलं बरंचसं काम नाकाचं. वयाबरोबर नाक मंदावतं, आणि ते इतकं सावकाश होतं की ज्याचं त्यालाही समजत नाही. आईंच्या बाबतीत त्यावर तापाचा घाव बसला होता. "पण नाकाला शिकवता येतं," त्या म्हणाल्या. "ओळखीचे चार वास निवडा. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, आणि हुंगताना तो वास आठवायचा. काही महिने लागतील. येईलच असं नाही."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे मी आता शाळेत."

आम्ही चार बाटल्या केल्या. हिंग, लवंग, लिंबाची साल आणि कॉफी. सकाळी पूजा झाली की आई ओट्यावर बसायच्या आणि एकेक बाटली उघडून डोळे मिटायच्या. मी रोज विचारायची, "आज काही?" त्या मान हलवायच्या. नाही. महिनाभर नाहीच. एक दिवस लिंबाला काहीतरी आलं, पण ते जळक्या रबरासारखं. त्या इतक्या हिरमुसल्या की दोन दिवस बाटल्यांना हात लावला नाही.

आमच्याकडे चिकू निवडायला सायवनकडच्या एका पाड्यावरून एक बाई येते. वीस वर्षं येते. चिकूवर अंगठा फिरवून, वरचा भुसा उडतो का बघून, ती जे फळ तयार म्हणेल ते तयार. आईंची आणि तिची दोस्ती जुनी. दोघी पेट्यांपाशी बसून तासन्‌तास बोलतात. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणते, आईंनाही. बाटल्या बघून तिने विचारलं, "ह्या काय गं, बाय?" आईंनी सांगितलं. तिने चारही बाटल्या उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"ह्ये तर दुकानातलं. ह्यानं काय व्हायचं? नाक निजलंय तुझं, मेलं नाय. त्याला हाक मारायची तर जोरात मारायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधून मोहाची वाळलेली फुलं घेऊन आली. मी ती गाठ सोडली आणि माझंच डोकं भरून आलं. गोड, उग्र, आंबूस, सगळं एकदम. आईंच्या नाकाशी धरलं. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि मान हलवली. "ठेव हितंच," बाई म्हणाली. "रोज घे."

साधारण तीन आठवडे गेले असतील. मी वेणी घालत होते, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली.

"अगं, इकडे ये. काहीतरी आहे."

"काय आहे?"

"सांगता येत नाही. वास नाही म्हणता यायचा. पण लांब कुणीतरी उभं असावं तसं आहे."

मला भीती वाटली, की त्यांना इतकं हवंय म्हणून भास होतोय. विज्ञानाच्या बाईने जे करावं ते मी केलं. तसल्याच दुसऱ्या फडक्यात सुकी पानं बांधली, त्यांना डोळे मिटायला लावले आणि आधी ते धरलं.

"इथे काही नाही," त्या म्हणाल्या.

मग मोहाचं धरलं.

"आता आहे." डोळे मिटलेलेच, आणि चेहराभर हसू. "पुन्हा कर."

मी सहा वेळा उलटसुलट करून पाहिलं. त्या एकदाच चुकल्या. त्या दिवशी माझी एस.टी. चुकली आणि मला उशिराचा शेरा मिळाला.

पुढे लवंग थोडी आली. कॉफी कधी येते, कधी नाही. लिंबू अजून रबरच आहे. हिंग आलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं आलं हेही चांगलंच. नवऱ्याने स्वयंपाकघरात गॅस सुटल्याची सूचना देणारं यंत्र बसवून टाकलं, आणि मीठ पुढे मी माझ्या चमच्याने घालायला लागले. पण मी मीठ घालताना आई दुसरीकडे बघायच्या, हे मला दिसत होतं.

शाळा सुरू होऊन महिना झाला. आठवीला ध्वनीचा धडा होता. मी मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं, त्यात आवाजाची पट्टी चढवत तो बारीक-बारीक करत नेता येतो. वर्गात साठ मुलं. मी सांगितलं, आवाज ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा, बंद झाला की खाली. आवाज बारीक होत गेला, सुईसारखा झाला, आणि थांबला. मुलांचे हात मात्र वरच.

"हात खाली. आवाज बंद झाला," मी म्हटलं.

"नाय, मॅडम, चालूय," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"मस्करी नको."

"खरंच, मॅडम!" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "किती जोरात वाजतंय!" मागून एकजण ओरडला, "मॅडम, बंद करा, कान दुखतात!" सगळ्या वर्गाने कान दाबून धरले होते. मी मोबाइल माझ्या कानाला लावला. काहीही नव्हतं. पडद्यावर आवाजाची रेघ थरथरत होती, आणि माझ्या कानाला पूर्ण शांतता.

मी बंद केलं. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. वय वाढतं तसा सर्वांत वरच्या पट्टीचा, बारीक आवाज आधी ऐकू येईनासा होतो, हे मी त्यांना समजावलं. धड्यात होतंच ते. दरवर्षी शिकवते. "म्हणजे मॅडम, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या?" पुढच्या मुलीने इतक्या काळजीने विचारलं, की मला रागावताच आलं नाही. "सुरुवात झाली," मी म्हटलं.

पण परतीच्या एस.टी.त खिडकीपाशी बसून मी कान देऊन ऐकत होते. बाहेर काय काय वाजत असेल, जे मला येत नाही? आणि ते कोणत्या दिवशी गेलं? गेलं त्या दिवशी मी काय करत होते? काहीच आठवेना. आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

घरी येऊन आईंना सांगितलं. आधी हसत सांगितलं, मग एस.टी.त मनात आलेलंही सांगितलं. त्या निवांत ऐकत होत्या. मग त्यांनी मला मागच्या दारी नेलं. चिकूच्या फांदीवर शिंजीर बसला होता, अंगठ्याएवढा, निळाकाळा.

"तो बघ. चोच उघडतोय, बंद करतोय. गळा कसा फुगतोय बघ. गात असेल ना?"

मला त्याचं चिवचिवणं स्पष्ट ऐकू येत होतं. "हो, आई."

"मला चार-पाच वर्षं झाली, तो नुसताच चोच हलवतो. आधी वाटलं, आजारी आहे बिचारा." त्या हसल्या. "मग समजलं, तो ठणठणीत आहे. तेव्हापासून मी त्याला बघते. पूर्वी नुसती ऐकायची, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. केवढा देखणा आहे गं!"

आम्ही दोघी तो उडून जाईपर्यंत उभ्या होतो.

गौरी आल्या. आदल्या दिवशी आईंनी विषय काढला. "नैवेद्य चाखायचा नाही. तुझा चमचाही नको. चमच्याला काय कळतंय, आज अळू किती खाजरं आहे ते?"

"मग कसं करायचं?"

"हात माझे, नाक तुझं."

"मला येत नाही, आई. तुम्ही किती वर्षांपूर्वी शिकवायला गेलात, तेव्हाही जमलं नाही."

"तेव्हा तू शिकायला तयार नव्हतीस. मिठाला वास नसतो म्हणालीस, आठवतं? तेव्हाच मी नाद सोडला."

सकाळी आंघोळी करून आम्ही दोघी शेगडीपाशी उभ्या राहिलो. वालाचं बिरडं रटरटत होतं. आईंनी झाकण काढलं, वाफ माझ्याकडे वळवली.

"डोळे मीट. काय येतं पुढे?"

"वाल. थोडे कच्चट, उग्र."

"बरोबर. मीठ कमी असलं की तोच पुढे येतो. आता थांब." त्यांनी मीठ टाकलं, ढवळलं, झाकलं. पुन्हा उघडलं. "आता?"

"अजून वालच."

आणखी चिमूटभर. आणि खरंच, तो उग्रपणा जरा मागे सरकला. त्याच्या जागी ओलं खोबरं आलं, मग गूळ. मी डोळे उघडले.

"आलं?"

"आलं! आई, आलं!"

"ओरडू नकोस. देव आहेत घरात." पण त्यांचाही चेहरा फुलला होता. विज्ञानाने त्याचं काय स्पष्टीकरण द्यावं, मला माहीत नाही. कदाचित मीठ पडल्यावर बाकीचे वास वाफेबरोबर निराळे सुटत असतील. मी शोधायला गेले नाही.

नैवेद्य दाखवला, मग पंगत बसली. सायवनची ती बाईही आली होती. सगळे गप्प जेवत होते, आणि आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाला उभ्या असाव्यात तशा उभ्या. नवऱ्याला तर विचारण्यात अर्थच नव्हता, तो छानच म्हणणार. बाईने दोन घास खाल्ले आणि स्पष्ट सांगितलं, "बिरडं झ्याक. अळूत मीठ नाय."

आई एवढ्या खूश झाल्या, की काय सांगू. "शिकेल हळूहळू," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी बावन्न वर्षांची होते.

त्याच हिवाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली आणि तिला मुलगी झाली. घरात ओवा-शेपाची धुरी, बाळाला तेल लावणं, दुपटी वाळत घालणं, सगळं सुरू झालं. आई दिवसभर बाळापाशी. तेल लावायला बाई ठेवलेली होती, पण आई तिला तेल लावू देईनात. त्यांच्या बोटांना बाळाचा सांधा न्‌ सांधा कळत होता.

एके दुपारी माझी मुलगी झोपली होती. आईंनी बाळाला आडवं मांडीवर घेतलं होतं. त्या वाकल्या आणि बाळाच्या टाळूवर नाक टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या. मग मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "एवढा एक यायला हवा होता. तुझ्या नवऱ्याच्या टाळूचा मला अजून आठवतो." मग म्हणाल्या, "तू घे. कसा येतो ते मला सांग."

मी वाकले. कसं सांगायचं? "दुधाचा," मी म्हटलं. "पण नुसत्या दुधाचा नाही. तांदूळ धुतल्यावर हाताला येतो तसा. धुरीचा थोडा. आणि कोवळं काहीतरी, ऊन लागलेल्या नव्या सुताचा असतो तसा."

"हं," त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "अजून?"

मी सांगत राहिले, सुचेल ते. तेवढ्यात बाळ जागं झालं. रडलं नाही. त्याने मान वळवली आणि आईंच्या पदरात नाक खुपसून फुसफुस करत काहीतरी शोधायला लागलं. पदराला गाल घासला, आणि तिथेच शांत पडून राहिलं.

आई थक्क होऊन खाली बघत होत्या.

"अगं, ही माझा वास घेतेय."

"हो, आई. बाळं वासावरूनच माणूस ओळखतात."

"मला तिचा येत नाही, पण तिला माझा येतो." हे त्या दोनदा म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, जरा लाजून, मला विचारलं, "कसला येतो गं माझा?"

अठ्ठावीस वर्षं त्यांच्या शेजारी वावरून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला नाक लावलं. खोबरेल तेल, वाडीतल्या उन्हात वाळलेलं सुती पातळ, कुंकू, आणि बोटांना लागलेला चिकूचा चीक. मी तसं सांगितलं.

"बरा आहे मग," त्या म्हणाल्या, आणि बाळ हलणार नाही अशा बेताने पाय सरळ केले.